शनिवारचा मायक्रोस्कोप, नोंद ४ : ते जिवाणू नव्हतेच

मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं की मायक्रोस्कोपच्या ४० च्या (४० पट मोठं दाखवणाऱ्या) भिंगाखाली दह्यातले जिवाणू दिसले. ते खोडतो. दिसलं होतं ते फॅट.

गल्लीतली सातवी-आठवीची सहा पोरं शनिवारी आमच्या माडीवर जमतात. दह्याचा थेंब, गोल चकचकीत ठिपके, आणि "हेच दूध विरजतात" असं सांगून मी मोकळा. एक पोरगी डोळा न काढताच म्हणाली, "काका, मग विरजण न लावलेल्या दुधात काय दिसतंय?" कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध घरात होतंच. ठेवला थेंब. तेच ठिपके, उलट जास्तच! मी गप्प.

या शनिवारी रीत बदलली. चमचाभर पाण्यात दह्याचा एक थेंब, त्याचा पातळ थर काचेवर वाळवला, ज्योतीवरून तीनदा फिरवला. मग स्पिरिटनं धुऊन जमेल तेवढं फॅट काढलं, मिथिलिन ब्लू हा निळा रंग एक मिनिट, पाण्याची हलकी धार. १०० चं भिंग, तेल घालून. आता निळ्या काड्या दिसल्या, शेजारी बारक्या मण्यांच्या माळा. काड्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंसारख्या, माळा स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंसारख्या. नेमकी जात नुसत्या आकारावरून ठरत नाही, हेही यावेळी आधीच सांगून टाकलं. आणि साध्या दुधाची काच तशीच रंगवून शेजारी ठेवली. पोरगीनं ती आधी मागितली.

एकानं शेतातून सोयाबीनचं रोप मुळासकट आणलं होतं. मुळावरची गाठ नखानं फोडली तर आत गुलाबी. "रक्त हाय व्हय?" अगदीच चुकलं नव्हतं त्याचं. ते लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंडच. गाठीत मोकळा ऑक्सिजन वाढू देत नाही, म्हणून गाठीतल्या जिवाणूंना हवेतला नायट्रोजन पिकासाठी बांधता येतो. हिरवट पडलेल्या गाठीचं काम थांबलेलं असतं. पोरं मग गुलाबी-हिरवट मोजत बसली, चहा गार.

गुऱ्हाळं सुरू झाली की ताज्या आणि तोडून ठेवलेल्या उसाचा रस शेजारीशेजारी बघायचाय. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो, रस चिकट होतो.

तोवर ४० च्या भिंगाला लागलेलं तेल पुसतोय. काचेवर तेल असताना १०० वरून भिंगांची चक्री उलटी ४० कडे फिरवू नका, हे सांगायचं राहिलं होतं.