तीन जहाजं आणि आपलं सुरत

काल बडोद्यात दांडिया बाजारात सेव-उसळ खाता खाता भाचीला जेम्सटाऊन, म्हणजे अमेरिकेतली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत, समजावत होतो, प्रोजेक्ट आहे तिचा. डिसेंबर 1606 मधे लंडनहून तीन जहाजं निघाली, सुसान कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी, शेवटचं तर जेमतेम 20 टनी, आणि चारेक महिने समुद्रात काढून शंभरएक माणसं व्हर्जिनियात उतरली. 2007 मधे 400 वर्षं झाली तेव्हा इंग्लंडची राणी स्वतः गेलेली तिथे. सोहळा ठीके, पण तिथल्या मूळ रहिवासी पोहाटन लोकांनी कसला सण करायचा?

गंमत म्हणजे ही जहाजं पाठवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पण गव्हर्नर, आणि 1608 मधे त्यांचं हेक्टर जहाज सुरतेला लागलं, म्हणजे बडोद्याच्या शेजारीच की! भाची म्हणे, मामा, हे पण लिहू? म्हटलं लिही, आधी उसळ संपव.