डायपर, डबी आणि तीन दिवस

जुलैचा दुसरा आठवडा. मानेवाड्यात रस्त्यावर घोटाभर पाणी, आणि आमच्या दीड वर्षाच्या पोरीला सकाळपासून सहा वेळा पातळ संडास. सासूबाई म्हणाल्या, "दात येऊन राहिले तिचे, काही नाही होत." मी घाबरट. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. (नागपुरात नुसतं 'मेडिकल' म्हटलं की मोठा सरकारी दवाखानाही होतो, मी औषधाच्या दुकानाबद्दल सांगतेय.) दुकानदाराने वजनसुद्धा न विचारता ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलचं सिरप काढलं. "वहिनी, दोन डोसमध्ये बंद होते." मी दिले दोन डोस. रात्री ताप १०३, आणि डायपरमध्ये शेंबासोबत रक्त.

सकाळी धंतोलीत बालरोगतज्ज्ञांकडे. त्यांनी आधी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली, लघवी कधी केली ते विचारलं. मग, "अँटिबायोटिक दिलं का काही?" मी बाटली पुढे केली. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाले, पाण्यासारखे जुलाब लहान मुलांत बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात, तिथे हे औषध कामाचंच नाही. ओआरएस आणि झिंक पुरतं. रक्त आणि ताप असला तर जंतूंचा संशय, मग औषध लागतं. पण कल्चरचा (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी) नमुना औषधाआधी घ्यायचा असतो. "आता काही उगवलं तर नशीब."

नमुना देणं हीच खरी कसरत. डायपरमधून खरवडून चालत नाही, पातळ भाग तो शोषून घेतो. लॅबवाल्या दादांनी सांगितलं, आत प्लास्टिक पसरा, लघवी मिसळू देऊ नका, रक्त-शेंबाचा भागच घ्या, आणि तासाभरात आणा, कारण ज्याचा संशय आहे तो शिगेला नावाचा जंतू नमुन्यात लवकर मरतो. पहिला नमुना लघवीत गेला. दुसरा मिळाला तेव्हा नवरा डबी घेऊन पावसात स्कूटरवर निघाला, आणि त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा सिग्नलवर हॉर्न वाजवायला सांगितलं.

नमुना गेल्यावरच डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन सुरू केलं, वजन करून. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं अख्खं पाकीट, दर संडासनंतर चमच्या-चमच्याने. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असला अंदाज नको, क्षार जास्त झाले तर धोका. अंगावरचं दूध आणि वरण-भात चालूच. संडास थांबवणारी गोळी अजिबात नाही.

रिपोर्टला तीन दिवस. आधी जंतू वाढवायचे, मग त्यांच्या थरावर औषधाच्या टिकल्या ठेवून कोणत्या टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत ते बघायचं. रात्री जागरणात मी वाचत बसायचे. शिगेला हे नाव कियोशी शिगा या जपानी संशोधकावरून पडलं. त्याने १८९७ मध्ये हा जंतू शोधला. आजारी पडायला दहा ते शंभर जंतूही पुरतात, हे वाचलं आणि मोठ्या पोराला उठवून हात धुवायला लावावंसं वाटलं. (उठवलं नाही. सकाळी मात्र साबणाची वडी संपली.)

ताप दुसऱ्या रात्री उतरला होता. रिपोर्ट आला: शिगेला फ्लेक्सनेरी. अझिथ्रोमायसिनपुढे एस, म्हणजे लागू. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. ऑफ्लॉक्सासिन त्याच घराण्यातलं. म्हणजे माझे दोन डोस या जंतूवर फुकट गेले होते. डॉक्टर म्हणाले, अशा औषधाने पोटातले साधे जंतू मरतात, दाद न देणारे मागे उरतात, आणि त्यांची ही ताकद दुसऱ्या जंतूंकडेही जाते. सासूबाई ती अर्धी बाटली फ्रिजच्या दारात ठेवत होत्या, "कामी येईन." मी रिपोर्ट वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मंग आधी काऊन नाही केलं हे?" उत्तर नव्हतं.

झिंकचे चौदा दिवस काल संपले. शेवटचा डोस तिने माझ्या ओढणीवर थुंकला, मग पुन्हा दिला.