वस्ताद उभे कुठं असतात?

राजारामपुरीत माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, बहुतेक पोरं बँकेच्या परीक्षेची, पण सध्या तालमीतला एक पैलवान येतोय. त्याला पतियाळाच्या एनआयएसला, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, कुस्तीच्या कोचचा कोर्स करायचाय. परवा म्हटलं, वस्ताद तुझ्यासाठी काय करतात ते इंग्रजीत सांग. म्हणाला, "माय वस्ताद लीड्स मी."

"लीड नको, गाइड म्हण," मागून एक मुलगी. झालं, सगळ्यांनी मोबाईल काढले, डायरेक्ट, स्टिअर, मेंटॉर, एकेक शब्द यायला लागला आणि अर्थ बघावा तर सगळ्यांपुढं तेच, मार्गदर्शन करणे! (डिक्शनरीवाल्यांचा हा आळस मला लै खटकतो.)

मी म्हटलं अर्थ राहू दे, तो माणूस उभा कुठं आहे ते बघा. लीड करणारा पुढं चालतो, बाकीचे मागनं.

"वस्ताद कुठं पुढं चालत्यात सर, कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडंला बसत्यात आन् तिथनंच वरडत्यात."

मग ते डायरेक्ट, जागचं न हलता हुकूम सोडायचा आणि समोरच्यानं तो पाळायचा. गाइड बरोबर येतो, वाट दाखवतो, पण ऐकायचं का नाही ते तुमच्यावर, पन्हाळ्यावर तुम्हाला सज्जाकोठी बघायची नसेल तर गाइड काय ओढून नेत नाही. स्टिअर मला सांगायलाच लागलं नाही, पैलवानानं शेजारच्याच्या मानेवर हात टाकला आणि अलगद वळवत त्याला दारापर्यंत नेला, "असं व्हय?" अगदी असंच, आता ते पोरगं हा शब्द जन्मात विसरत नाही.

मग पैलवान म्हणाला, रेल्वेचा डबा पण कोच आन् मास्तर पण कोच, ते कसं? हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथल्या घोडागाड्यांना गावाचंच नाव पडलं, आणि १८३० च्या सुमाराला ऑक्सफर्डची पोरं परीक्षेतनं पार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला कोच म्हणायला लागली, खेळातला कोच त्याच्यानंतरचा. म्हणजे कोच मूळचा आमच्या लाइनचा!

मेंटॉर मात्र ग्रीक कथेतला, ओडिसियस युद्धाला जाताना घरदार ज्याच्यावर सोपवून गेला तो. पैलवान जरा थांबला. "बाप मला पाचवीत तालमीत सोडून गेला सर. डाव शिकवला ते कोच, पण शाळेत सही कराय पण वस्तादच यायचे. दोन्ही म्हटलं तर चालंल का?"

चालेल की, म्हटलं, पण आधी कोच म्हण, कोर्स त्याचा आहे.