पहिला फोटो

पाळीचा आठवा दिवस धरून तिला बोलावलं होतं. गर्भनळीचा एक्स-रे पाळी थांबल्यावर आणि बीज फुटायच्या आधी काढतात, चुकून गर्भ राहिलेला असेल तर त्याला धक्का लागू नये म्हणून. चोपड्याकडच्या खेड्यातून पहाटेची एसटी धरून सासू-सून जळगावला आल्या होत्या. लग्नाला सहा वर्षं. नवरा केळीच्या कटाईवर. त्याची वीर्यतपासणी मी आधीच करून घेतली होती, ती चांगली होती. खरं तर ती सगळ्यात सोपी तपासणी, पण होते सगळ्यात शेवटी, आणि मला दर वेळी त्याचा राग येतो.

फाईल जाडजूड होती. सोनोग्राफ्या, थायरॉईड, तीन ठिकाणच्या बीज वाढायच्या गोळ्या. त्यात मागच्या वर्षीचा माझ्या हातचा कागदही होता : ‘गर्भाशय नॉर्मल’.

दुखायची गोळी तासभर आधी दिली होती, तरी टेबलावर तिचे पाय थरथरत होते. म्हटलं, “थोडं दुखी, पाळीमा दुखस तसं. सहन नही व्हयनं तं सांग, मी थांबसू.”

एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध पिशवीत एकदम ढकललं तर नळी आखडते आणि उघडी नळीही बंद दिसते. म्हणून मी ते हळूहळू सोडते, आणि पहिला फोटो दोन-तीन मिलिलिटर गेल्यावरच घेते. गर्भपिशवी गच्च भरली की त्या पांढऱ्यात बारीक दोष बुडून जातात. एरवी पडद्यावर खाली टोक असलेला पांढरा त्रिकोण उमटतो. तिचा उमटलाच नाही. डावा कोपरा भरला, त्या नळीतून औषधाचा बारीक धागा निघून पोटात सांडलाही. पण मधोमध कुरतडल्यासारख्या काळ्या जागा होत्या, आणि उजवा कोपरा नव्हताच.

हात थांबवून मी विचारलं, “पाळी किती दिवस जाते गं?”

“दीड दिवस. नुसता डाग.”

“पहिल्यापासून?”

“नही. पिशवी धुई ना, त्याना बादमा.”

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला होता. पिशवी दोनदा साफ करावी लागली होती. त्याचा कागद फाईलमध्ये नव्हता, आणि इतक्या वर्षांत कोणी विचारलंही नव्हतं. मीही नाही. आम्ही पाळीची तारीख विचारतो. तिची तारीख कधी चुकलीच नव्हती, त्यामुळे प्रत्येक कागदावर ‘पाळी नियमित’.

मी माझा जुना कागद पुन्हा काढला. तेराव्या दिवशी पिशवीचं अस्तर ५ मिलिमीटर. त्या दिवसांत ते ८ च्या आसपास तरी हवं. गाठ नाही, सिस्ट नाही, एवढं पाहून मी नॉर्मल लिहून मोकळी झाले होते. पिशवी खरवडल्यावर आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, हे ॲशरमन या डॉक्टरांनी १९५० साली लिहून ठेवलंय. मी ते शिकलेय, शिकवलंयही.

दोघींना समोर बसवून मी सगळं सांगितलं, माझं चुकलं हेही सांगितलं. सासूबाईंनी मनुदेवीला नवस बोलला होता. त्या म्हणाल्या, “म्हंजे तिन्हामाच खोट शे?”

“खोट नही माय. तठे जखम व्हयेल शे.”

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी थैलीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सुनेच्या हातात दिली.

पुढच्या पाळीनंतर पिशवीत दुर्बीण घालून पाहिलं. सलाईनने पिशवी फुलवली तसे आत पांढरे पापुद्रे ताणले गेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. ते कात्रीनेच कापले. करंटची उष्णता उरलंसुरलं अस्तर जाळू शकते. अस्तराचे दोन तुकडे घेतले, एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा साध्या सलाईनमध्ये. पिशवीचा टीबीही भिंती अशाच चिकटवतो, आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग जंतू वाढवून बघायचं कल्चर कशाचं करणार? दोन्ही बाटल्यांवरची चिठ्ठी मी सिस्टरांकडून मोठ्याने वाचून घेतली. पुढे टीबीचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. तोवर अस्तर वाढायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू होत्या.

गोळ्यांचा कोर्स संपल्यावर आठवड्याभराने दुपारी ओपीडीत फोन वाजला. तिचाच आवाज, दबका, कोणी ऐकू नये असा.

“मॅडम, पाळी ऊनी. आज तिसरा दिवस शे. अजून चालूच शे.”