सात ‘रीड’ आणि एक कास्ट

टीममध्ये नवीन आलेली सहकारी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. “कोडमध्ये ग्रेपने शोध घेतला तर ‘रीड’ नावाची सात फंक्शन मिळतात. या ओळीतून नेमकं कुठलं चालतं?” मला चटकन सांगता येईना. आणि कोड माझाच होता.

प्रोजेक्ट साध्या सी भाषेतला. सेन्सरचे प्रकार वाढत गेले तसे जागोजागचे स्विच, म्हणजे ‘हा प्रकार असेल तर हे कर’ अशा याद्या, लांबत गेले, म्हणून मी हौसेने मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोडचा मजकूर भरणारे शॉर्टकट) लिहून सीमध्ये ‘क्लास’ (डेटा आणि त्याची फंक्शन एकत्र बांधणारी रचना) आणले होते. बेस स्ट्रक्टमध्ये (स्ट्रक्ट म्हणजे एकत्र ठेवलेल्या फील्डचा, म्हणजे मेंबरचा, गठ्ठा) आधी फंक्शन पॉइंटरच्या, म्हणजे फंक्शनच्या पत्त्यांच्या, टेबलाचा पत्ता, मग तो अख्खा स्ट्रक्ट पुढच्या स्ट्रक्टचा पहिला मेंबर. पॉइंटर कास्ट केला, म्हणजे तोच पत्ता दुसऱ्या प्रकारचा आहे असं मानायला लावलं, की झालं इनहेरिटन्स: एका प्रकाराला दुसऱ्याचा वारसा. संगणकशास्त्रज्ञ ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सीला क्लास जोडायला घेतले, त्यातून पुढे सी प्लस प्लस उभी राहिली, तपासणी करणाऱ्या कंपायलरसकट (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम). माझ्याकडे नुसते मॅक्रो होते.

तिच्याकडचा बग असा: एका ठराविक प्रकारचा सेन्सर जोडला की यंत्र गप्प होई. डीबगर (चालता कोड थांबवून आत बघायचं साधन) लावला, तर टेबलाच्या पत्त्याच्या जागी ३! कुणीतरी त्या स्ट्रक्टच्या अगदी वर ‘व्हर्जन’ नावाचं फील्ड घातलं होतं. बेस खाली सरकला, कास्टला त्याचा पत्ताच नाही, आणि व्हर्जनचा आकडा पत्ता म्हणून वापरला गेला. कंपायलरने एक वॉर्निंगही दिली नाही. कास्ट आपणच हाताने लिहिल्यावर तो कशाला बोलेल? ‘बेस पहिलाच हवा’ हा नियम फक्त माझ्या डोक्यात होता, साधी कॉमेंटसुद्धा नव्हती.

दुपारी वाद झाला तो सगळंच सी प्लस प्लसमध्ये न्यायचं का, यावर. मी नको म्हणालो; चालू कोड एवढ्यासाठी हलवायचा नव्हता. फंक्शन पॉइंटरचं टेबल ठेवलं, लिनक्स कर्नलही (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तेच करतं. कास्ट काढून बेसचा पत्ता सरळ मेंबरचं नाव लिहून घेतला, आणि बेसवरून पूर्ण स्ट्रक्टकडे उलट यायला कर्नलसारखाच ‘कंटेनर ऑफ’ हा मॅक्रो. तो ऑफसेट, म्हणजे स्ट्रक्टच्या सुरुवातीपासून मेंबरचं अंतर, मोजतो, त्यामुळे मेंबर कुठेही असो. सातही ‘रीड’च्या नावापुढे आपापल्या सेन्सरचं नाव लागलं. थोडं टायपिंग वाढलं, पण टेबल उघडलं की कुठलं फंक्शन ते दिसतं.

कॅलिब्रेशनमधलं तीन मजली इनहेरिटन्स मात्र अजून तसंच आहे. त्या फाइलला हात लावायचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात.