पहाटेपुरते आजारी मासे

सीवूड्सच्या त्या घरातले मासे दिवसभर ठणठणीत असायचे आणि पहाटे धापा टाकायचे. अकरा वाजता मी टँकपुढे उभा राहिलो तेव्हा पिवळा टँग काचेवरचं शेवाळ खरवडत होता, रास नावाची मासोळी वाळूवरून भिरभिरत होती, दाणे टाकताच सगळे तुटून पडले. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आलात की हे असे शहाण्यासारखे वागतात. पहाटे बघा म्हणजे कळेल."

पहाटेचा व्हिडिओ त्यांनी मला आधीच पाठवला होता. वेळ पावणेसहा. चहा ठेवायला उठल्या तेव्हा काढलेला. पंपाचं पाणी जिथून टँकमध्ये पडतं त्या नळीखाली सगळे मासे गोळा झालेले, तोंडं वर, कल्ले फडफडतायत. टँगचा रंग फिका आणि अंगावर पांढरा पट्टा. तो रात्रीचा त्याचा नेहमीचा वेष, त्याचं काही नाही. पण दोन गोष्टी खटकल्या. पिवळी कोरिस रास दिवे गेले की वाळूत घुसते आणि उजाडल्याशिवाय नाक बाहेर काढत नाही. ती दगडावर आडवी पडली होती. आणि गोबी बिळात नव्हता. हा गोबी एका पिस्तूल कोळंबीबरोबर राहतो. ती जवळजवळ आंधळी, दिवसभर बीळ उपसत असते आणि एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो, दोघं आत. असा घरकोंबडा मासा बीळ सोडून कातळाच्या माथ्यावर बसला होता. मागच्या काचेवर गोगलगाई पाण्याच्या रेषेपर्यंत चढलेल्या. म्हणजे वाळूत, बिळात, खाली कुठेतरी बिनसलं होतं आणि ज्याला जमेल तो वर पळत होता.

मी घरोघरी जाऊन समुद्री टँक सांभाळतो. नेरूळ, सीवूड्स, खारघर एवढा माझा पट्टा. लोकांना वाटतं काच पुसायचं काम. काच दहा मिनिटांत पुसून होते. बाकी वेळ पाणी खातं. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवायचं, २४ तास फिरत ठेवायचं, खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आलं की मगच टँकमध्ये. नवा गिऱ्हाईक हमखास विचारतो, "समोर एवढी खाडी आहे, तिचंच पाणी का नाही आणत?" पावसाळ्यात ठाणे खाडीचा खारेपणा कुठच्या कुठे उतरतो, आणि बाकी वर्षभर तिच्यात काय काय सोडलं जातं, ते सांगितलं की म्हणतात, "मग फ्लेमिंगोंना कसं चालतं?" मी आता उत्तर देणं सोडलंय.

मी पोचायच्या आधी तो व्हिडिओ कुठल्याशा मत्स्यप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून आला होता. तिथल्या जाणकारांनी रोग ठरवून टाकला होता: व्हेलव्हेट. औषधही ठरलं होतं: तांबं. एकाने तर किती मिली घालायचं तेही लिहिलं होतं, आणि बाटली डायनिंग टेबलवर येऊन बसली होती. मी ती आधी उचलून माझ्या पिशवीत टाकली. प्रवाळाच्या टँकमध्ये तांबं घालणं म्हणजे कोळंबी, गोगलगाई, अ‍ॅनिमोनी (समुद्रफूल), प्रवाळ सगळ्यांना एका दमात निकालात काढणं. वर ते दगडांत आणि वाळूत मुरतं ते निराळंच. साहेबांनी दिव्यांवर लाखावर खर्च केलाय, पण सल्ला घ्यायची वेळ आली की फुकटचा घेतात.

व्हेलव्हेटचा संशय अगदीच वेडगळ नव्हता, हेही मान्य. तो परजीवी कल्ल्यांत बसतो, मासा धापा टाकतो, वेव्हमेकरच्या, म्हणजे टँकमधलं पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या, झोतात तोंड घालून उभा राहतो. पण व्हेलव्हेट झालेला मासा उजेडाला बुजतो, खाणं टाकतो, अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसते, आणि तो सात वाजता बरा होऊन अकराला दाण्यांवर झडप घालत नाही. शिवाय गोगलगाईंना व्हेलव्हेट होत नाही.

मग मी नेहमीच्या चाचण्या केल्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारेपणा बरोबर, तापमान २६, अल्कलिनिटी ८.३. ऑक्सिजनचं किट मी सहसा बाहेर काढत नाही, त्या दिवशी काढलं. लिटरला साधारण सहा मिलिग्रॅम. उत्तमच. समुद्राच्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांवर गोड्या पाण्यात सव्वाआठच्या आसपास, खाऱ्यात पावणेसातच्या. म्हणजे खाऱ्या टँकला सवलत कमी, ही गोष्ट गोड्या पाण्यातून इकडे आलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. तरी सहा म्हणजे काळजीचं कारण नाही. सगळे आकडे मला सांगत होते की या टँकला काहीही झालेलं नाही.

आता त्या टँकबद्दल. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, साडेचारशे लिटर. इंटिरियर डिझायनरने तो भिंतीत बसवलाय. दिसतो सुरेख. पण वरचं झाकण घट्ट, खालचं कपाट बंद, हवा जायला बोटभर फट नाही. कपाटात पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, घाण फेसातून काढणारा स्किमर, पाणी थंड ठेवणारा चिलर, दोन वेव्हमेकर, संपमधल्या (म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीतल्या) शेवाळाचा दिवा, हे सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डावर. आणि त्या बोर्डाचं बटण कुठे, तर हॉलमध्ये, टीव्हीच्या बटणाशेजारी, वर काही लिहिलेलं नाही. मी काम घेतलं तेव्हाच सांगितलं होतं, हे वेगळं करा. "लुक बिघडेल" असं उत्तर आलं. माझ्या धंद्यातले निम्मे मासे अशा लुकपायी मरतात.

टायमर मला त्या कपाटातच दिसला. शेवाळाचा दिवा उलटा चालवतात, वरचे दिवे गेले की हा लागतो, म्हणजे रात्रीही कुणीतरी ऑक्सिजन सोडत राहतं. त्याला मी दोनशे रुपयांचा साधा डायलचा टायमर लावलाय. वायफायवाले टायमर मलाही आवडतात, पण ते वीज आली की स्वतःच वेळ जुळवून घेतात आणि झाल्या गोष्टीचा मागमूस ठेवत नाहीत. डायल बिचारा वीज गेली की थांबतो, आली की थांबला होता तिथून पुढे निघतो. माझ्या घड्याळात साडेअकरा होते. डायलवर संध्याकाळचे सात.

म्हणजे साडेसोळा तास मागे. पाहुणे रविवारी संध्याकाळी आले होते, आज बुधवार. तीन रात्री. भागाकार करा, रात्रीला साडेपाच तास. सोसायटीची वीज गेली असती तर स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचं घड्याळ लुकलुकत बसलं असतं. ते बरोबर वेळ दाखवत होतं. वीज फक्त या बोर्डाची जात होती, आणि रोज ठरल्या वेळी परत येत होती.

घरात मेची पाहुणेगर्दी होती. तासगावहून साहेबांचे काका-काकू, दोन भाच्या, एक भाचा. एसी हॉलमध्ये, त्यामुळे काका आणि पोरं हॉलमध्येच झोपत. मी वहिनींना हळूच विचारलं, "रात्री कुणी बटण बंद करतं का?" त्या जवळजवळ दुखावल्या. "आमच्याकडे टँकला कुणी हात लावत नाही हो."

पाहुण्यांसमोर यजमानीणबाईंना खोटं पाडणं बरं दिसत नाही. मी चहा घेता घेता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "रात्री ही मोटर थांबली की मासे गुदमरतात."

दिवाणावरून काका शांतपणे म्हणाले, "मीच बंद करतुय की. बाराला. आवाज लई येतोय, पोरं झोपत नाहीत. आणि पहाटं साडेपाचला प्राणायामाला उठलो की न चुकता चालू करतो. अवो, मोटर एकसारखी चालवली की जळती. तिलाबी इसावा नको?"

वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण मला काकांचा राग येईना. ज्या माणसाने आयुष्यभर आठवड्याआड रात्रीच्या विजेवर विहिरीची मोटर चालवली, तिचं वाइंडिंग जळताना पाहिलं, त्याने मोटरची काळजी घेतली होती. जी गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नाही ती त्याने का पाळावी? आवाजाबद्दलही तो खरंच बोलत होता. टँकचं पाणी खाली संपमध्ये नेणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाइपात हवा शिरून खळखळ चालली होती, वर चिलरचा घरघराट. घरच्यांना सवयीने तो ऐकू येईनासा झाला होता.

मी समजावून सांगायला लागलो: रात्री प्रवाळातलं शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट सगळेच वापरतात, वाळूतले जिवाणूसुद्धा, पाणी हललं नाही तर वरून नवा मिसळत नाही. पोरं रात्री जेवल्यावर माशांनाही मूठभर दाणे घालत होती, तेही त्यात कुजत होते. काकांनी मला अर्ध्यावर थांबवलं.

"म्हंजे शेततळ्यागत," ते म्हणाले. "आमच्या द्राक्षबागंच्या तळ्यात रोहू-कटला सोडलेत. ढगाळ दिवस गेला की दुसऱ्या दिवशी पहाटं सगळी वर तोंड काढत्यात. मग पाणी फवारून वर मारावं लागतंय."

ग्रुपवर तांब्याचं माप काढणाऱ्या एवढ्या जाणकारांत एकालाही जे सुचलं नव्हतं, ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं. त्यांना व्हिडिओ कुणी दाखवलाच नव्हता. पाहुण्यांना उगीच काळजी नको, म्हणून!

बाकीचं काम सोपं होतं. एक वेव्हमेकर बोर्डावरून काढून वेगळ्या प्लगवर घेतला, पाण्याचा पृष्ठभाग ढवळेल असा तिरका केला. ओव्हरफ्लोचा व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत खळखळ थांबवली. यात मात्र माझा हात बसलेला आहे: जास्त आवळला की टँक हॉलमध्ये वाहतो, कमी आवळला की पुन्हा गुळण्या सुरू. झाकण बोटभर उचलून जाळी बसवली. चिलर बाहेर बाल्कनीत न्यायला साहेबांनी होकार दिला, तोही अजून तोंडीच.

हे सगळं मिटलं. मिटलं नाही ते क्लाउन माशांच्या जोडीचं.

त्या टँकमध्ये ऑसेलॅरिस क्लाउनची जोडी आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. मादी मोठी, माझ्या मनगटाला चावे घेते. नर तिच्या निम्म्याने. अ‍ॅनिमोनीच्या पायथ्याशी दगडावर त्यांनी अंडी घातली होती. आधी नारिंगी, मग काळपट, आणि त्या बुधवारी भिंगातून पाहिलं तर प्रत्येक अंड्यात चंदेरी डोळे चमकत होते. असे डोळे दिसले की एक-दोन रात्रींत फुटतात, अंधार झाल्यावर. अंडी सांभाळायचं काम नराचं. तो छातीच्या परांनी त्यांच्यावर वारा घालतो, तोंडाने साफ करतो, मेलेली खाऊन टाकतो.

घरी जाऊन तो व्हिडिओ मी पुन्हा पाहिला. या वेळी वरची गर्दी सोडून खाली. सगळे मासे वर, मादीसुद्धा मधल्या पाण्यात आलेली. नर तळाशी, अंड्यांपाशी, पर इतक्या जोरात मारत होता की व्हिडिओत ते धूसर दिसत होते. स्टिकलबॅक नावाच्या माशात हे नीट अभ्यासलं गेलंय: पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की बाप जास्त वारा घालतो. म्हणजे जिथे श्वास सर्वांत कमी तिथे हा सर्वांत जास्त मेहनत करत होता. मायेबियेच्या गोष्टी मी माशांना चिकटवत नाही. ही उपजत खोड आहे म्हणा. तरी वर यायला त्याला हातभर पाणी ओलांडायचं होतं आणि तो आला नाही, हे डोक्यातून जात नाही.

गुरुवारी सकाळी वहिनींचा फोन. मासे छान, कुणी वर नाही, रास वाळूतून उशिरा उठली. अंडी मात्र नाहीत. दगड स्वच्छ.

आता दोन शक्यता. अंडी फुटली आणि पिल्लं रात्रीत ओव्हरफ्लोतून संपमध्ये जाऊन पंपात सापडली. टँकमध्ये फुटलेल्या पिल्लांचं बहुधा हेच होतं. किंवा तीन रात्रींच्या गुदमरण्याने अंडी मेली आणि नराने खाऊन टाकली. दगड दोन्हीत सारखाच स्वच्छ दिसतो. घरातला धाकटा आर्य मला फोनवर तेच विचारत होता, "काका, जन्मली की खाल्ली?" मी म्हटलं, फिल्टरची पिशवी उघडू नकोस, मी येतो. गेलो, पिशवी उलटी करून पाहिली. दाण्यांचा चिखल. पिल्लू असतं चार मिलिमीटरचं, त्यात काय सापडणार?

काकांना विचारलं, रात्री काही दिसलं का. झोप लागत नव्हती, ते म्हणाले, या वेळी आवाज नाही म्हणून. अकरा-साडेअकराला उठून बॅटरी मारून बघितलं तर दगडावरून धुरळा उडाल्यागत काहीतरी वर चाललं होतं.

माझ्या अंगावर काटा आला. दिवे नऊला जातात. वेळ बरोबर जुळत होती. पण खालचा गाळ नव्या झोताने उडाला असेल तरी तसाच दिसेल. फरक एकच: क्लाउनची पिल्लं उजेडाकडे धावतात. मी विचारलं, "काका, तो धुरळा बॅटरीच्या दिशेने आला का?"

"ते नाही बघितलं," काका म्हणाले. "लगीच बंद केली. माशांची झोप मोडंल म्हणून."