जुना क्रॅश गार्ड आणि जुने दिवे : नोंद तिसरी

दुसऱ्याच्या मोटरसायकलवरून उतरवलेला क्रॅश गार्ड (गाडी पडली तर इंजिन वाचवणारा नळ्यांचा सांगाडा), दोन एलईडी दिवे आणि हँडलवर बसणारा यूएसबी चार्जर एवढा ऐवज घरी येऊन तीन आठवडे झाले. त्यांपैकी पहिले दोन आठवडे गाडीला हातही न लावता गेले. नव्या वस्तूच्या खोक्यात बोल्ट, कॉलर (पट्टी आणि फ्रेम यांमधली फट भरणारा नळीचा तुकडा), वायरिंग असे सगळे जागच्या जागी असते. जुन्या वस्तूबरोबर त्यातले काय आले आणि काय आधीच्या गाडीवरच राहिले, हे बसवायला घेतल्याशिवाय कळत नाही.

गार्ड सपाट फरशीवर ठेवून पाहिला तेव्हा तो डगमगला नाही, म्हणजे वाकलेला नव्हता. जोडाजवळचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, खाली तडा नसल्याची खात्री केली आणि प्रायमरचा हात दिला. अडचण आली ती गाडीवर लावून पाहताना. उजवी बाजू नेमकी बसली, परंतु डाव्या बाजूची वरची पट्टी फ्रेमपासून बोटभर दूर राहिली. बोल्ट आवळला असता तर ती ओढली जाऊन टेकली असती, आणि मोह तोच होता. पण अशी ताणून बसवलेली पट्टी इंजिनाच्या थरथरीत वेल्डिंगपाशी तडकते. पट्टी उलटी करून उजेडात धरली तेव्हा उलगडा झाला. छिद्राभोवती रंग उडालेले एक गोल कडे चकाकत होते आणि त्याचा व्यास भरला १८ मिमी. तिथे पूर्वी कॉलर होती व ती आधीच्या गाडीवरच राहून गेली होती. व्हर्नियरने फट मोजली तर ११ मिमी, तेव्हा जाड पोलादी नळीचा तेवढाच तुकडा कापून दोन्ही तोंडे कानशीने काटकोनात आणली. आता जुनी वस्तू हाती आली की मी आधी तिच्यावरचे ओरखडे आणि वॉशरचे ठसे पाहतो. ती पूर्वी कशी बसली होती हे त्यांवरून बरेचसे कळते.

गार्डची खालची पट्टी इंजिन माउंटच्या बोल्टवर येत असल्याने इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा हलका आधार दिला आणि एका वेळी एकच बोल्ट काढला. पट्टीच्या जाडीमुळे मूळ बोल्ट आखूड पडत होता, म्हणून त्याच दर्जाचा लांब बोल्ट घेतला, जेणेकरून नटाबाहेर निदान दोन आटे दिसावेत. सगळे बोल्ट आधी हातानेच लावले आणि चारही जागा जुळल्यावर मगच टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापापर्यंत आवळले.

दिव्यांचे वायरिंग पाहून मात्र हात जोडले. आधीच्या मालकाने तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली होती, आणि तिचा चिकट गोंद बोटांना दिवसभर पुरला. ते सगळे कापून टाकले. नव्या जोडणीत रिलेच्या (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० क्रमांकाच्या पिनला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवे, ८६ ला इग्निशनवर चालू होणारी वायर हँडलच्या स्विचमधून, आणि ८५ ला अर्थ दिला. दोन्ही दिवे मिळून ३ अँपिअर घेतात, म्हणून फ्यूज ५ अँपिअरचा घातला. तो बॅटरीच्या अगदी जवळ आहे, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधली वायर फ्रेमला घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे काहीच नसते. जोड सोल्डर न करता क्रिंप करून, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून, त्यांवर हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवले, कारण सोल्डर जिथे संपते तिथे तार ताठ होते आणि थरथरीने तिथेच तुटते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले तेव्हा डावीकडे वायर ताणली जात होती. टाय कापून चार बोटे ढील दिली.

चार्जर आधीच्या मालकाप्रमाणेच थेट बॅटरीला जोडला होता. इग्निशन बंद ठेवून निगेटिव्ह टर्मिनलच्या वाटेत मल्टिमीटर लावला, तर २२ मिलीअँपिअर जात होते. चार्जर काढताच आकडा १ वर आला. हिशोब केला तर दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास, म्हणजे ९ अँपिअर-तासांची बॅटरी गाडी न चालवता नऊ दिवसांत निम्मी झाली असती. कारण काय, तर चार्जरमधला तो हौशी निळा दिवा! आता चार्जरला स्वतंत्र फ्यूज आणि छोटा रिले दिला आहे आणि त्याची कॉइल, म्हणजे रिले चालू करणारे वेटोळे, मागच्या दिव्याच्या वायरवर आहे, त्यामुळे इग्निशन बंद केले की चार्जरही बंद होतो.

दिवे लावून बॅटरीवर व्होल्टेज पाहिले: आयडलला १३.१, थोडी रेस दिल्यावर १४.१. आयडलचा आकडा मला जरा कमी वाटतो, त्यामुळे वाहतुकीत खोळंबल्यावर दिवे बंद ठेवीन. शंभर किलोमीटरनंतर गार्डचे बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हा कॉलरवरचा बोल्ट पाव फेरा फिरला आणि बाकीचे जागचे हलले नाहीत. उजवा दिवा अजून वर पाहतो, कारण त्याच्या बिजागरीचा बोल्ट गंजून बसला आहे. त्याला तेल सोडून ठेवले आहे, आणि दिवा खाली वळेपर्यंत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यावर कापड बांधून त्याची वायरही सोडवून ठेवली आहे.